पांढऱ्या पेशींची कार्यकारिणी

सिॲटलच्या उत्तरेला बॉथेल नावाचं गाव आहे. तिथे आमची लेक आणि जावई राहतात, आणि वर्षाआड आम्ही दोघं सहा महिन्यांच्या व्हिसावर नातीला ‘भेटायला’ जातो. अमेरिकेतल्या डेकेअरची फी ज्यांना ठाऊक आहे त्यांना या भेटीचा अर्थ उलगडून सांगायला नको. शनिवारी सगळं कुटुंब कॉस्टकोत जातं. बाकीचे दुधाचे कॅन आणि टिश्यूचे गठ्ठे गाडीत भरत असतात तेव्हा मी औषधांच्या रांगेत असतो. मला तिथे फार करमतं.

त्या रांगेत सगळ्यात जास्त जागा ‘इम्यून सपोर्ट’ने अडवलेली आहे. व्हिटॅमिन सी, झिंक, एल्डरबेरी. गोळ्या, पुड्या, आणि अस्वलाच्या आकाराच्या गमीज, म्हणजे मोठ्या माणसांनाही गोळी खाताना आपण लाडात आलोय असं वाटावं. डब्यावर मोठ्या अक्षरात आश्वासन आणि आश्वासनाच्या डोक्यावर इवलासा तारा. त्या ताऱ्याचा माग काढत डबा उलटा फिरवला की मुंगीच्या टाइपात लिहिलेलं असतं : या विधानाची अन्न व औषध प्रशासनाने तपासणी केलेली नाही, हे उत्पादन कुठल्याही रोगाचं निदान, उपचार, निवारण किंवा प्रतिबंध यासाठी नाही. १९९४ च्या कायद्याने हे छापावंच लागतं. म्हणजे रोग ओळखायला नाही, बरा करायला नाही, टाळायलाही नाही. मग उरलं काय? चघळायला.

दुसरीच्या वर्गाला शिकवणाऱ्या एका बाईंनी काढलेली ‘एअरबोर्न’ नावाची फसफसणारी गोळी या देशात एकेकाळी प्रचंड खपत होती. विमानात बसण्याआधी पाण्यात टाकून प्यायची, की शेजारच्याची सर्दी आपल्याला लागायची नाही, असा बोलबाला. लोक कोर्टात गेले. २००८ मध्ये कंपनीने २ कोटी ३३ लाख डॉलर मोजून तडजोड केली. गोळी आजही मिळते, सर्दीसुद्धा मिळते.

पण मी म्हणतो, ही औषधं खोटी आहेत ही तक्रारच चुकीची आहे. समजा ती खरी निघाली आणि प्रतिकारशक्ती खरोखरच वाढली, तर? वाढलेली प्रतिकारशक्ती कशी दिसते हे ज्याला बघायचं असेल त्याने एप्रिल महिन्यात आमच्या जावईबापूंना बघावं.

हा माणूस पुण्याचा. सिंहगड रस्त्याचा धूर, मांडवातली धूळ, दिवाळीतले फटाके, सगळं एका नाकपुडीत पचवलेला. अमेरिकेत आल्यावर पहिली काही वर्षं ठणठणीत होता, आणि मग एका वसंतात शिंकू लागला तो लागलाच. फेब्रुवारी-मार्चमध्ये आल्डर, एप्रिलमध्ये बर्च, मेपासून गवत. डोळे लाल, नाक वाहतंय, आवाज घोगरा. आता बर्चचा पराग माणसाचं काय बिघडवतो? काहीही नाही. त्या बिचाऱ्याला बर्चचं फूल हवं असतं, तो चुकून नाकात शिरलेला असतो. पण जावईबापूंच्या संरक्षण खात्याला हे मान्य नाही. बी पेशी नावाच्या एका पांढऱ्या पेशीने कधीकाळी या परागाविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडं काढून ठेवली, ती नाकातल्या मास्ट पेशींच्या अंगावर जाऊन बसली, आणि आता परागाचा वास आला की त्या पेशी हिस्टामिनचे बुधले ओततात. एवढा मोठा लढा, शत्रू शून्य.

कॉस्टकोत याच्यावरही गोळी आहे. शेजारच्याच कर्कलंड गावाचं नाव लावलेली, एका बाटलीत ३६५. लीप वर्षात एक दिवस शिंकायचा.

गेल्या खेपेला डॉक्टरांनी जावईबापूंचं रक्त तपासायला सांगितलं. इथे रिपोर्ट डॉक्टरांच्या आधी पेशंटच्या फोनवर येतो, आणि पेशंटच्या आधी सासऱ्यांच्या हातात. मी चष्मा लावून वाचला. सगळे आकडे काळे, एक लाल, आणि त्याच्यापुढे मोठा ‘एच’: इओसिनोफिल. आमच्या सांगलीच्या गावभागातल्या डॉक्टरांकडे हा आकडा वाढला की एकच अर्थ असायचा. मी सौ.कडे पाहिलं, सौ.ने माझ्याकडे पाहिलं, आणि तिने जाहीर केलं, “जंत झालेत. अहो जावईबापू, तीन दिवस वावडिंगाचा काढा घ्या. मी आणलंय.”

“आई, अमेरिकेत राहणाऱ्या माणसाला जंत कुठून होणार?” लेक म्हणाली.

“का? सुशी खातो ना!”

सौ.चं शास्त्र इतकं टाकाऊ नव्हतं. इओसिनोफिल हा पेशींचा प्रकार मोठ्या जंतांशी दोन हात करण्याच्या कामावरचा. जंत गिळता येत नाही, तो पेशीच्या हजारो पट मोठा. म्हणून या पेशी त्याला चिकटतात आणि आपल्या पोटातली विखारी द्रव्यं त्याच्या अंगावर रिकामी करतात. हे काम अमेरिकेतही एकेकाळी भरपूर होतं. दक्षिणेतल्या राज्यांत अनवाणी पोरांच्या तळव्यांतून अंकुशकृमी शिरायचे. १९०९ मध्ये जॉन रॉकफेलर यांनी त्यांच्या निर्मूलनासाठी १० लाख डॉलर दिले आणि संडास, बूट, औषध या मार्गाने हळूहळू कृमी गेले. इओसिनोफिल मात्र जागेवरच राहिले. जंतांसारखे जुने सोबती गेल्यामुळे आपल्या पेशींचं तारतम्य सुटलं आणि ॲलर्जी वाढली, असं काही शास्त्रज्ञांचं म्हणणं आहे. सगळ्यांना ते पटत नाही. मला पटतं, कारण निवृत्त झाल्यापासून मी स्वतः शेजारच्यांच्या लॉनकडे फार बारकाईने बघू लागलोय.

काढा कुणी घेतला नाही, पण त्या रिपोर्टाने माझी एक दुपार सत्कारणी लागली. एका घन मिलिमीटर रक्तात तांबड्या पेशी ४५ ते ५० लाख, आणि पांढऱ्या ४ ते ११ हजार. हा हिशेब वाचून मला आमच्या इथल्या महाराष्ट्र मंडळाची आठवण झाली. गणपतीला जेवायला येणारे केवढे आणि खुर्च्या उचलणारे केवढे! प्रमाण साधारण हेच पडतं. तांबड्या पेशी येतात, प्राणवायू घेतात, जातात. मंडळ चालवतात त्या पांढऱ्या.

त्यांतही निम्म्याहून जास्त न्यूट्रोफिल. हे मंडळातले तरुण कार्यकर्ते. हाडांच्या मगजात रोज सुमारे १०,००० कोटी तयार होतात आणि फार तर दिवस-दोन दिवस जगतात. कुठे खरचटलं, कुठे जंतू शिरला, की निरोपाची रसायनं सुटतात आणि हे रक्तवाहिनीच्या भिंतीतून अंग चोरून बाहेर पडतात. बैठक नाही, ठराव नाही. जंतू गिळायचा, आणि पोटात त्याच्यावर हायपोक्लोरस आम्ल सोडायचं. इथे घरोघर ओटा पुसायला ज्या ब्लीचच्या बाटल्या असतात त्यांतलं मारक द्रव्य तेच. गिळायला जमलं नाही तर काही न्यूट्रोफिल स्वतःचा डीएनए जाळ्यासारखा बाहेर फेकतात आणि जंतूंना त्यात अडकवून बहुधा स्वतःही मरतात. बर्लिनच्या शास्त्रज्ञांनी हे २००४ मध्ये दाखवलं. मुलाचे प्रताप आईबापांना सगळ्यात शेवटी कळतात, तसंच हे.

त्यांच्या कामाचा पुरावा मला रोज संध्याकाळी पाचला मिळतो. नात बालवाडीतून येते तेव्हा तिच्या वरच्या ओठावर दोन हिरव्या रेघा असतात. हा हिरवा रंग जंतूंचा, असं आम्ही जन्मभर समजत आलो. तो न्यूट्रोफिलचा. ब्लीच बनवणारं त्यांचं जे विकर आहे त्यात लोह असतं आणि ते रंगानेच हिरवं आहे. नाकातून जे वाहतं ते कामी आलेल्या कार्यकर्त्यांचं. तरीही हिरवं नाक दिसलं की बालवाडीच्या बाईंचा चेहरा बदलतो, लेकीचा फोन वाजतो, आणि सगळ्यांची वरात डॉक्टरांकडे निघते. डॉक्टरीणबाई कानात बघतात, घशात बघतात, हसतात आणि सांगतात : व्हायरस आहे. पाणी पाजा, आराम करू द्या, होईल बरी. अँटिबायोटिक? नाही; विषाणूवर ते चालत नाही. एवढं ऐकायला जी फी पडली तेवढ्यात गावभागातल्या डॉक्टरांनी घरातल्या चौघांना इंजेक्शन, कागदाच्या पुडीतल्या लाल-पिवळ्या गोळ्या आणि वर राजकारणावर अर्धा तास दिला असता. पण बाईंचं बरोबर होतं. नात बरी झाली, आणि सोमवारी नवीन विषाणू घेऊन आली.

न्यूट्रोफिल कामावर असताना बघायचे असतील तर टेनेसी राज्यात नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात डेव्हिड रॉजर्स यांनी १९५० च्या दशकात सूक्ष्मदर्शकातून घेतलेली १६ मिलिमीटरची फिल्म बघावी. कृष्णधवल, मुकी. तांबड्या पेशी सुस्तावून पडलेल्या आहेत. मधून एक काळा ठिपका, स्टॅफिलोकॉकस जंतू, सटकतोय. मागे एक न्यूट्रोफिल. जंतू डावीकडे वळतो, हा डावीकडे. जंतू दोन तांबड्या पेशींच्या फटीत जातो, हा त्यांना ढुशी देत अंग आवळून मागोमाग. तांबड्या पेशी ढुशी खाऊन पुन्हा होत्या तशा. शेवटी गट्टम. नातीला मी ही फिल्म दाखवली. तिने ती पुन्हा पुन्हा लावायला सांगितली आणि दर वेळी जंतूच्या बाजूने ओरडली.

मोठ्या भक्षक पेशी, मॅक्रोफेज, हे मंडळातले ज्येष्ठ. पळापळ नाही; कार्यक्रम संपल्यावर उरलंसुरलं खाऊन आवरायचं, मेलेले न्यूट्रोफिलसुद्धा. मेच्निकोव्ह या रशियन शास्त्रज्ञाने १८८२ मध्ये सिसिलीत, घरची मंडळी सर्कशीला गेलेली असताना, तारामाशाच्या पारदर्शक पिल्लात काटे टोचून भक्षक पेशी गोळा होताना पाहिल्या. पुढे नोबेलही मिळालं, आणि मग हा गृहस्थ दीर्घायुष्यासाठी आंबट दूध प्या म्हणून जगाच्या मागे लागला. ताकाचं महत्त्व कळायला आपल्याकडे तारामासा लागला नाही.

त्यांच्याही वरची जागा डेंड्रायटिक पेशींची. या स्वतः कुणाला मारायच्या भानगडीत फारशा पडत नाहीत. जंतूचा एक तुकडा उचलायचा आणि जवळच्या लसिकाग्रंथीत जाऊन एकेका टी पेशीला दाखवत फिरायचं : “हा ओळखीचा आहे का? बघा बरं.” असा माणूस आमच्या मंडळातही आहे, त्याच्याकडे सगळ्यांचे स्क्रीनशॉट असतात. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात राल्फ स्टाइनमन यांनी १९७३ मध्ये या पेशी ओळखल्या तेव्हा बरीच वर्षं लोकांना त्या खऱ्याच वाटेनात. स्टाइनमन यांना पुढे स्वादुपिंडाचा कर्करोग झाला, तेव्हा त्यांनी याच पेशींवर आधारलेले उपचार स्वतःवर करून घेतले. ३ ऑक्टोबर २०११ ला त्यांचं नोबेल जाहीर झालं. ते ३० सप्टेंबरला गेले होते, आणि समितीला पत्ता नव्हता. नोबेल मरणोत्तर देत नाहीत. पण जाहीर तर झालं होतं. समितीने विचार करून ते कायम ठेवलं.

बी पेशींच्या शोधाचं श्रेय मात्र ओहायोच्या कोंबड्यांना. कोंबडीच्या शेपटीकडे एक पिशवीवजा अवयव असतो. ब्रूस ग्लिक नावाच्या विद्यार्थ्याने प्राध्यापकांना विचारलं, याचं काम काय? प्राध्यापकांनी प्रश्न परत त्याच्याच गळ्यात घातला. त्याने पिल्लांमधून तो अवयव काढून टाकला, काही विशेष घडलं नाही. मग टिमोथी चँग या मित्राला वर्गात प्रतिपिंडं तयार होताना दाखवायची होती. त्याने ग्लिकच्या कोंबड्या मागून नेल्या, साल्मोनेला टोचला, आणि वर्गासमोर प्रयोग साफ फसला : काही कोंबड्यांत प्रतिपिंडंच नाहीत! तपासलं तर नेमक्या त्याच पिशवी काढलेल्या. ‘सायन्स’ नियतकालिकाने लेख परत पाठवला. तो १९५६ मध्ये ‘पोल्ट्री सायन्स’मध्ये आला, म्हणजे अंडी-कोंबडीवाल्यांखेरीज फारसा कुणी वाचणार नाही अशा ठिकाणी. १९६५ मध्ये मिनेसोटात मॅक्स कूपर आणि रॉबर्ट गुड यांनी धागा पुन्हा उचलला, तेव्हा कुठे प्रतिकारयंत्रणेचे बी आणि टी असे दोन गट उघडकीला आले. ज्या मंडळात दोन गट नाहीत ते मंडळ जिवंत नाही, हे कुठल्याही मराठी माणसाने १९५६ च्या आधी सांगितलं असतं.

बी पेशींची आठवण विलक्षण. १९१८ ची फ्लूची साथ आपल्याकडे मानमोडी म्हणून ओळखली गेली. मुंबई बंदरातून शिरून तिने गावंच्या गावं ओस पाडली. त्या साथीच्या आधी जन्मलेल्या, नव्वदी ओलांडलेल्या ३२ अमेरिकन म्हाताऱ्यांचं रक्त २००८ मध्ये तपासलं, तपासणाऱ्यांतही व्हँडरबिल्टची माणसं होती. त्या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं अजून शाबूत, आणि काहींच्या रक्तात ती बनवणाऱ्या पेशीही जिवंत. आमच्या मंडळातल्या एक काकू १९९४ च्या संक्रांतीला कुणी वर्गणी बुडवली ते वाणाच्या वस्तूसकट सांगतात. अशा माणसांशी वाकडं घेऊ नये.

एवढे सगळे हातघाईवर आलेले कार्यकर्ते एका अंगात राहतात, आणि तरी आपण सकाळी उठून चहा पितो, हे कसं? माझी ही शंका आणि तिचं उत्तर दोन्ही बॉथेलातच सापडावीत, याची मला गंमत वाटते.

उत्तराची सुरुवात मात्र पुन्हा टेनेसीतली. तिथे ओक रिज आहे, अणुबॉम्बसाठी वसवलेलं. तिथे किरणोत्साराचा परिणाम बघायला उंदीर पाळलेले होते. १९४० च्या दशकात त्यांच्यात एक वेगळाच वाण निघाला. काही नर पिल्लांच्या कातडीचे पापुद्रे निघायचे, प्लीहा आणि लसिकाग्रंथी फुगायच्या, आणि काही आठवड्यांत ती मरायची. जंतू कुठलाच नव्हता. त्यांच्याच टी पेशी त्यांच्याच अंगावर तुटून पडत होत्या. जावईबापूंच्या नाकात जे चालतं ते इथे सबंध देहात. इम्युनिटी वाढलेली म्हणजे किती वाढलेली!

१९९० च्या दशकात बॉथेलमधल्या एका जैवतंत्रज्ञान कंपनीत मेरी ब्रंकाव आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी ठरवलं की यामागचं जनुक शोधायचं. उंदराच्या एक्स गुणसूत्रात सुमारे १७ कोटी अक्षरं. आजच्यासारखी यंत्रं नव्हती. चाळत चाळत ते पाच लाखांवर आले, मग २० जनुकांवर. एकेक तपासलं. एकोणीस निर्दोष. विसावं, म्हणजे शेवटचंच, निघालं गुन्हेगार. अर्थात शेवटचंच; किल्ली नेहमी शेवटच्या खिशात असते. त्याला त्यांनी फॉक्सपी-३ म्हटलं आणि २००१ मध्ये प्रसिद्ध केलं. तेच जनुक बिघडलं तर माणसांच्या मुलग्यांनाही असाच जीवघेणा आजार होतो, हेही दाखवलं. इकडे जपानमध्ये शिमोन साकागुची १९९५ पासून सांगत होते की टी पेशींत एक जात अशी आहे जी इतरांना आवरते. दोन्ही टोकं जुळली : फॉक्सपी-३ वर ज्यांचं अस्तित्व अवलंबून आहे त्याच या आवरणाऱ्या पेशी.

तसे एक गृहस्थ आमच्या मंडळात आहेत. कुठल्याही समितीत त्यांचं नाव नसतं. गणपतीच्या दिवशी शाळेचा हॉल रात्री नऊपर्यंतच भाड्याने मिळतो. पावणेनऊ वाजलेले, शाळेचा माणूस किल्ल्या वाजवत दारात उभा, आणि स्वयंपाकघरात पुढच्या वर्षी मोदक उकडीचे की तळणीचे यावर दोन्ही गट बाह्या सरसावून. एक वहिनी रडायच्या बेतात. अशा वेळी हे गृहस्थ कुणाचीही बाजू न घेता एक खुर्ची मिटतात, मग दुसरी, आणि सहज म्हणतात, “चला, आवरू या. पार्किंगचे दिवे बंद करतील.” दोन मिनिटांत सगळे खुर्च्या मिटतायत. त्यांनी काय केलं ते कुणाच्याच लक्षात येत नाही. ते एका वर्षी भारतात गेले होते, त्या वर्षी आमच्या मंडळाची दोन मंडळं झाली.

या आवरणाऱ्या पेशींच्या शोधाला ६ ऑक्टोबर २०२५ ला नोबेल जाहीर झालं, आणि समितीचं आणि फोनचं पुन्हा जमलं नाही. सिॲटलमध्ये पहाटे ब्रंकावबाईंचा फोन वाजला. त्यांनी स्वीडनचा नंबर पाहिला, कुणीतरी काहीतरी विकतंय असं ठरवलं, आणि झोपल्या. अनावश्यक गोष्टीला प्रतिसाद न देण्यावर ज्यांनी काम केलं त्यांनी दुसरं काय करावं? शेवटी वृत्तसंस्थेचा छायाचित्रकार दारात आला, कुत्रा भुंकला, नवरा उठला आणि बातमी घरात शिरली. रॅम्सडेल तर बायको आणि कुत्र्यांसह यलोस्टोनच्या बाजूच्या डोंगरांत, फोन बंद करून. समिती कित्येक तास शोधत होती. परतीच्या वाटेवर बायकोच्या फोनला रेंज आली, निरोपांचा पाऊस पडला आणि ती किंचाळली. हे दचकले, त्यांना वाटलं, ग्रिझली अस्वल आलं. नोबेल मिळालंय असं ती सांगू लागली तर हे म्हणतात, छे, मला नाही मिळालं.

आता या आवरणाऱ्या पेशी वाढवून संधिवातासारखे, मधुमेहाच्या एका प्रकारासारखे, आपलेच आपल्यावर उलटल्याने होणारे आजार बरे करता येतील का, याचे प्रयोग चाललेत. जावईबापू डोळे लावून बसलेत. मीही. पुढेमागे या पेशींचं औषध बाटलीत मिळू लागलं तर पहिली बाटली मी घेणार आहे, आणि मंडळाच्या वार्षिक सभेच्या चहात ओतणार आहे. अजेंडा आलाय. मोदक चौथ्या क्रमांकावर आहेत.